ससून घराणं निर्वंश झालं असं सगळीकडे वाचतो, पण आजी म्हणायची की तिची आई त्याच घराण्यातली. वंशज उरलेत का, आणि शोधायचे कसे?

उरलेत, आणि भरपूर उरलेत. ‘निर्वंश’ हा शब्द बगदादहून मुंबईला आलेल्या या यहुदी व्यापारी घराण्याला चिकटवणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे, म्हणून उत्तर थोडं लांबेल.

संपले ते किताब. ससूनांना दोन बॅरोनेट किताब, म्हणजे नावामागे ‘सर’ लावणारे वंशपरंपरागत ब्रिटिश सन्मान, मिळाले होते. पहिला १८९० साली अब्दुल्ला ऊर्फ आल्बर्ट यांना आणि दुसरा १९०९ साली त्यांच्या पुतण्याला, म्हणजे जेकब एलायस यांना. हे किताब पुरुषाकडून पुरुषाकडेच जातात. पहिला १९३९ साली सर फिलिप यांच्याबरोबर गेला, कारण त्यांनी लग्नच केलं नव्हतं. दुसरा १९६१ साली बहामात वारलेल्या सर व्हिक्टर यांच्याबरोबर, कारण त्यांना मूल नव्हतं. सरदार-उमरावांच्या इंग्रजी कोशांत दोन्ही किताबांखाली ‘लुप्त’ अशी नोंद आहे. कुणीतरी ती घराण्याची नोंद समजून उतरवली आणि पुढे सगळे तेच उतरवत राहिले.

फिलिप यांची सख्खी बहीण सिबिल (१८९४–१९८९) लग्न करून चमली घराण्यात गेली. तिचा मुलगा सहावा आणि नातू सातवा मार्क्विस, म्हणजे वरच्या दर्जाचा उमराव. हा नातू १९९० ते २०२२ ब्रिटनचा लॉर्ड ग्रेट चेंबरलेन होता. मुंबईच्या डेव्हिड ससून यांच्यापासून मोजा: आल्बर्ट मुलगा, एडवर्ड नातू, सिबिल पणती, तिचा मुलगा खापरपणतू, आणि त्याचा मुलगा राजदरबारात मानाच्या जागी. याला निर्वंश म्हणायचं? सिबिलची आई अलीन तर पॅरिसच्या गुस्ताव्ह द रॉथशिल्ड यांची लेक, म्हणजे त्या एका फांदीत दोन्ही घराणी उतरली आहेत. पण किताबाचा तक्ता फिलिपवर थांबतो, म्हणून वाचणारा थांबतो.

मुली गळतात त्यामागे पेढीचा हिशेब आहे. युरोपातल्या रॉथशिल्ड या सावकारी घराण्याचे मूळ पुरुष मायर आम्शेल यांनी १८१२ च्या मृत्युपत्रात मुली, जावई आणि त्यांचे वारस यांना धंद्यातून स्पष्ट वगळलं होतं. सावकारी घराण्यांच्या वंशावळी बहुतेक भागीदारीच्या कागदांवरून तयार झाल्या, आणि ज्याला भागीदारी नाही त्याला तक्त्यात जागा नाही. आपल्याकडच्या जुन्या कुलवृत्तांतांत वेगळं काय असतं? मुलीचं नाव, सासरचं आडनाव, आणि ओळ संपली. वंशावळी करणाऱ्या एका जाणकार गृहस्थांनी मला ठासून सांगितलं होतं की मुलीकडून वंश मोजत नाहीत. वारसाहक्क मोजत नसतील. वंश मोजायचा तर मुलगी सोडून चालणारच नाही. डेव्हिड ससून यांना दोन बायकांपासून चौदा मुलं झाली, त्यांत सहा मुली. त्या वगळल्या की पहिल्याच पिढीत जवळजवळ निम्मं झाड तोडलं.

आता शोधायचं कसं. मराठी माणसाला इथे एक आयती किल्ली मिळते. बगदादी यहुद्यांची नावं आपल्यासारखीच लागतात: स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव. ‘जेकब एलायस ससून’ म्हणजे एलायसचा मुलगा जेकब. इंग्रज अभ्यासक मधलं नाव हौसेनं ठेवलेलं समजतात आणि फसतात. शिवाय नातवाला आजोबांचं नाव द्यायची चाल आहे. त्यामुळे सॉलोमन डेव्हिड ससून दोन आहेत: एक १८४१–१८९४ चे, मुंबईची पेढी सांभाळणारे, आणि दुसरे १९१५–१९८५ चे, त्यांचे नातू, धर्मपंडित. मधले डेव्हिड सॉलोमन (१८८०–१९४२) हे हस्तलिखितांचे संग्राहक. ज्या हिब्रू बायबलचा २०२३ साली ३ कोटी ८१ लाख डॉलरना लिलाव झाला, त्याला ‘कोडेक्स ससून’ हे नाव यांच्यावरून पडलं. तिघांना दोनच नावं आलटून-पालटून. जन्म-मृत्यूची सालं लिहिल्याशिवाय एकही नाव तक्त्यात घेऊ नका.

बायकांच्या नावांत गोंधळ याहून जास्त. डेव्हिड यांची दुसरी बायको फरहा. तिच्या मुलाची, म्हणजे थोरल्या सॉलोमनची, बायकोही फरहाच. तीच पुढे फ्लोरा झाली, नवऱ्यामागे तिनं मुंबईची पेढी चालवली आणि १९०१ साली इंग्लंडला गेली. सासू आणि सून या एकच बाई समजून जोडलेले तक्ते मी पाहिले आहेत, आणि तशी जोडणी झाली की मुलगा आईचाच नवरा होऊन बसतो. मोझेल नावाच्या तर किमान तीन: डेव्हिड यांची मुलगी, फ्लोराची मुलगी आणि मेयर ससून यांची बायको. अब्दुल्लाचा आल्बर्ट झाला, अब्राहमचा आर्थर झाला. म्हणून प्रत्येक माणसासाठी दोन रकाने ठेवा, घरातलं नाव आणि इंग्रजी नाव. तिसरा रकाना आईच्या माहेरचा. तो रिकामा राहिला तर त्या माणसाची नोंद अर्धवट आहे असंच धरा.

फ्लोराची गोष्ट आणखी पुढे जाते. तिची आई अझिझा ही आल्बर्ट यांची मुलगी, म्हणजे सॉलोमन यांनी आपल्या सावत्र भावाच्या लेकीच्या लेकीशी लग्न केलं. त्यांचा मुलगा डेव्हिड सॉलोमन बापाकडून मूळ डेव्हिड यांचा नातू लागतो आणि आईकडून खापरपणतू. एकच माणूस दोन पिढ्यांत बसतो हे संगणकावरच्या तक्त्याला झेपत नाही. मग लोक त्याच्या दोन नोंदी करतात आणि पुढच्या सगळ्या वंशजांची संख्या दुप्पट होते. गब्बे आणि एझ्रा या दुसऱ्या बगदादी यहुदी घराण्यांशीही अशाच सोयरिकी आहेत. झाड फुगलेलं दिसलं की आधी हे तपासा.

कागदपत्रांत पहिला मान मृत्युपत्राला. मुलीला धंदा दिला नाही तरी रक्कम, दागिने, निदान अंगठी दिलेली असते, आणि तिथे तिचं नाव नवऱ्याच्या नावासकट येतं. इंग्लंड आणि वेल्सचं प्रोबेटचं, म्हणजे न्यायालयानं मान्य केलेल्या मृत्युपत्रांचं, राष्ट्रीय कॅलेंडर १८५८ पासून आहे, त्यात मृत्यूची तारीख, पत्ता आणि निष्पादकांची, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणाऱ्यांची, नावं मिळतात, आणि त्यावरून मृत्युपत्राची नक्कल मागवता येते. निष्पादकांत अपरिचित आडनाव दिसलं की तो जावई किंवा भाचा आहे का ते पाहा. मुंबई इलाख्यातल्या जुन्या मृत्युपत्रांच्या नकला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. तिथलंच मुंबईचं जन्म-लग्न-दफन दप्तर मुळात चर्चनी पाठवलेल्या नोंदींचं आहे. त्यात यहुदी घराणं शोधून ‘नाव सापडलं नाही, म्हणजे इथे नव्हतेच’ असा निष्कर्ष काढणं चूक.

इंग्लंडमध्ये जन्मलेल्यांसाठी जनरल रजिस्टर ऑफिसची, म्हणजे जन्म-मृत्यू-लग्न नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयाची, स्वतःची ऑनलाइन सूची वापरा. तिच्यात १८३७ पासून आईचं माहेरचं आडनाव आहे. इतरत्र दिसणाऱ्या जुन्या छापील सूचीत ते १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच येतं, आणि लग्नांच्या सूचीत जोडीदाराचं आडनाव १९१२ पासून. जावयाचं आडनाव एकदा कळलं की ते आडनाव आणि आईचं माहेर ‘ससून’ असा शोध घ्या, मुलं एकापाठोपाठ एक वर येतात. १९३१ ची जनगणना आगीत गेली, १९४१ ची झालीच नाही, त्यामुळे १९२१ नंतर १९३९ ची नोंदवही, म्हणजे युद्ध सुरू होताना केलेली नागरिकांची नोंद, हाच आधार. तिचा फायदा असा की ती पुढे कित्येक वर्षं वापरात होती, आणि मुलीचं नंतर लग्न झालं तर नवं आडनाव त्याच ओळीत वर लिहिलेलं सापडतं.

कबरींचं सांगतो. डेव्हिड ससून पुण्याला वारले, कॅम्पातल्या ओहेल डेव्हिड सिनेगॉगच्या (यहुदी प्रार्थनास्थळाच्या) आवारात, म्हणजे लाल देवळात, त्यांची समाधी आहे. मुंबईत चिंचपोकळीची दफनभूमी पाहावी लागते. दगडावर हिब्रू साल असतं, अक्षरांत, आणि प्रत्येक अक्षराला ठरलेला आकडा असतो. ताव ४००, रेश २००, काफ २०, हे ५, मिळून ६२५, आणि हजाराचा आकडा बहुधा गाळलेला असतो, म्हणजे साल ५६२५. त्यातून ३७६० वजा केले की १८६५. पण हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात बदलतं, म्हणून नव्या वर्षापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला ३७६१ वजा करायचे. डेव्हिड यांचा मृत्यू नोव्हेंबर १८६४ चा आहे, तो असा बरोबर बसतो. सरसकट ३७६० वजा करणाऱ्यांच्या तक्त्यात शरद ऋतूत वारलेली माणसं वर्षभर उशिरा मरतात, आणि मग प्रोबेटची तारीख मृत्यूच्या आधीची निघते. कबर मूळ जागी असेलच असंही नाही. आल्बर्ट आणि एडवर्ड यांना ब्रायटनच्या समाधिगृहात ठेवलं होतं, पण १९३३ मध्ये ती वास्तू विकली गेली आणि अवशेष लंडनला हलवले.

डीएनए चाचणीवर उड्या मारू नका. इतकी आपसातली लग्नं असलेल्या समाजात दोन बगदादी यहुदी एकमेकांचे जवळचे नातलग असल्यासारखे आकडे येतात, प्रत्यक्षात नातं पाच-सात पिढ्यांमागचं असतं. एकूण बेरजेपेक्षा सर्वांत लांब सलग तुकडा किती सेंटिमॉर्गनचा (डीएनएच्या तुकड्याची लांबी मोजायचं माप) आहे ते पाहा, आणि दहा सेंटिमॉर्गनच्या खालचे तुकडे सोडून द्या. वाय-गुणसूत्राची चाचणी तर फक्त बाप-मुलगा रेषा सांगते. तुमचा दावा पणजीकडून आहे, तिथे तिचा काही उपयोग नाही.

आता तुमच्या पणजीबद्दल. हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. ‘ससून’ हे मुळात पहिलं नाव आहे, हिब्रूत अर्थ आनंद. मूळ पुरुष शेख ससून बिन सालेह हे बगदादच्या पाशांचे सराफ-बाशी, म्हणजे मुख्य सराफ, होते आणि त्यांचं पहिलं नावच पुढे या घराण्याचं आडनाव झालं. पण त्याच नावाची माणसं बगदादी समाजात इतर घरांतही होती. मग ‘रिबेका ससून’ म्हणजे ससून घराण्यातली रिबेका, की ससून नावाच्या कुणा गृहस्थांची मुलगी? केशरचनाकार विदाल ससून यांचंही आडनाव तेच, पण त्यांच्या वडिलांचं कूळ ग्रीसच्या थेस्सलोनिकीचं, या घराण्याशी संबंध नाही. आणि तुमची आजी कोकणातल्या बेने इस्रायल समाजातली असेल, आडनाव पेणकर, रोहेकर असं असेल, तर तो समाजच वेगळा. बगदादी त्यांच्याशी सोयरीक टाळत.

म्हणून डेव्हिड ससून यांच्यापासून खाली येऊ नका, आजीपासून वर जा. पहिला कागद पणजीचा केतुबा, म्हणजे लग्नाचा करार. त्यात वधूच्या नावापुढे ‘बत’ आणि मग बापाचं नाव असतं. ‘बत’नंतर लगेच ‘ससून’ आलं तर तो तिचा बाप, तिचं आडनाव नव्हे. तिथे दुसरंच नाव असेल आणि ससून त्याच्यानंतर येत असेल, तर त्या बापाचं नाव डेव्हिड यांच्या आठ मुलांच्या संततीत शोधा. केतुबा घरात नसेल तर लग्न कोणत्या सिनेगॉगमध्ये लागलं ते आजीच्या भावंडांकडून आधी काढा, कारण नोंदवही मागायची तर गाव आणि सिनेगॉग दोन्ही सांगावं लागतं.