४५ हजार भरण्याआधी

प्रश्न : नमस्कार सर. आम्ही सोलापूरच्या पूर्वभागात राहतो. घरी तेलुगु बोलतो, पण मुलीचं सगळं शिक्षण मराठीतून झालं. ती आता बी.ए. मराठीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मोबाईलवरच्या एका ॲपवर ती कथा लिहिते, वाचणारेही पुष्कळ आहेत. आता म्हणते, एम.ए. नको, बी.एड. नको, मी ई-बुकं काढून त्यावरच जगणार. एका प्रकाशनाने तिला फोन करून ४५ हजारांचं पॅकेज सांगितलंय : ई-बुक, शंभर छापील प्रती आणि जाहिरात. वर तिला किंडल हे ई-बुक वाचायचं यंत्रही हवंय. तिचे वडील टॉवेलच्या कारखान्यात आहेत. एवढे पैसे उभे करायचे तर सोनं गहाण ठेवावं लागेल. हे करिअर आहे का? पैसे भरावेत का? सोबत तिच्या दोन कथा आणि कराराचा फोटो पाठवतेय.
– एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, सोनं गहाण ठेवू नका. बाकीचं नंतर बोलू.

ई-बुक दुकानात लावायला लेखकाला एक रुपयाही द्यावा लागत नाही. ॲमेझॉनची लेखकांसाठीची केडीपी नावाची सोय आहे, गूगल प्ले बुक्सची आहे. दोन्हीकडे मराठी पुस्तक चालतं. किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-बुक दुकानात, मराठी पुस्तकं २०१६ च्या अखेरीपासून विकली जातात. पॅन कार्ड, बँक खातं, मुखपृष्ठाचं चित्र आणि नीट तयार केलेली फाइल एवढं असलं की मुलगी घरी बसून पुस्तक चढवू शकते. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा जगभर चालणारा ओळख क्रमांक, किंडलच्या ई-बुकला लागतच नाही. छापील पुस्तकासाठी हवाच असेल तर केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राजा राममोहन रॉय आयएसबीएन संस्था तो फुकट देते, अर्ज ऑनलाइन होतो. तुम्हाला आलेल्या पॅकेजमध्ये 'आयएसबीएन नोंदणी' हे वेगळं कलम आहे आणि त्यापुढे रक्कम आहे. यावरून काय ते समजा. शंभर प्रतींच्या छपाईचा भाव आपल्याच गावातल्या एखाद्या डिजिटल प्रेसमध्ये विचारा. तो ४५ हजारांतून वजा केलात की उरलेले पैसे कशाचे, हे तुम्हीच त्यांना विचाराल.

मराठीत पदरचे पैसे घालून पुस्तक काढण्याची रीत जुनी आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. पण पैसे आपले असतील तर पुस्तकही आपलं राहिलं पाहिजे. या करारात लिहिलंय, 'सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी प्रकाशकाकडे.' म्हणजे पैसेही द्यायचे आणि कथाही द्यायच्या. उद्या या कथांचं ऑडिओबुक झालं, कुणी त्यावर वेबमालिका काढली, तर मुलीला विचारणारही कुणी नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्कांचं हस्तांतर लेखीच लागतं. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. इथे मात्र 'कायमस्वरूपी' असं स्पष्ट लिहिलंय, त्यामुळे या तरतुदीचा आधार तुम्हाला मिळणार नाही. पुढे कधी खऱ्या प्रकाशकाशी करार झालाच, तर छापील, ई-बुक आणि ऑडिओ असे तीन हक्क तीन वेगळ्या कलमांत लिहून घ्या. प्रत्येकाला मुदत घाला, तीन वर्षं पुरेत. ई-बुकचा हक्क शक्यतो स्वतःकडेच ठेवा.

पहिलं पुस्तक छापील हवंच अशी हौस असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिथे हस्तलिखित पाठवायचं, ते तपासलं जातं. वेळ लागतो, पण गहाणखत लागत नाही.

आता 'त्यावरच जगणार' याचा हिशेब करू. ९९ रुपयांचं ई-बुक, लेखकाला किमतीच्या ७० टक्के देणारा केडीपीचा पर्याय, कर आणि फाइलच्या आकाराप्रमाणे होणारी किरकोळ वजावट धरली तर एका प्रतीमागे लेखिकेला साठ रुपयांच्या आसपास पडतात. महिन्याला वीस प्रती खपल्या असं धरा (नव्या लेखिकेला तेही सोपं नाही), तर बाराशे रुपये. तेही लगेच नाही, महिना संपल्यावर साधारण दोन महिन्यांनी. आणि भारतातल्या विक्रीवर हे ७० टक्के हवे असतील तर पुस्तक केडीपी सिलेक्ट नावाच्या योजनेत घालावं लागतं, नाहीतर ३५ टक्केच. सिलेक्टची अट अशी की नव्वद दिवस ते पुस्तक डिजिटल रूपात दुसरीकडे कुठेही असता कामा नये. विकत नाही आणि फुकटही नाही. तुमच्या मुलीच्या कथा त्या ॲपवर सगळ्यांना फुकट वाचायला आहेत. त्या तिथून काढल्याशिवाय सिलेक्टमध्ये टाकल्या तर खात्यावरच गदा येऊ शकते. पॅकेजवाल्यांनी हे सांगितलं नसणार. मुदत आपोआप पुढे सरकते, ती बंद करायची खूण वेळेत काढावी लागते, हेही तिने लक्षात ठेवावं.

सिलेक्टमधली पुस्तकं किंडल अनलिमिटेड या वर्गणी भरून वाचायच्या योजनेच्या सभासदांना वाचता येतात आणि लेखकाला वाचलेल्या पानांप्रमाणे पैसे मिळतात. मालिकेसारखं लिहिणाऱ्यांना याचा थोडा फायदा होतो. पण पानाचा दर दर महिन्याला बदलतो, त्यावर घरखर्च बेतता येत नाही.

म्हणून ई-बुक लिहिणं हे आज तरी पोटाचं साधन नाही. लिहिणं सोडा असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच की पोटासाठीचं काम तिने त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या बाजूला शोधावं. ती बाजू मला जास्त भरवशाची वाटते.

हा पुढचा भाग तिला वाचायला द्या.

बाळ, मराठी प्रकाशकांच्या कपाटांत वर्षानुवर्षांची पुस्तकं श्रीलिपी, आकृतीसारख्या जुन्या फॉन्टांत पडून आहेत. त्या फॉन्टांत 'क' हा खरा 'क' नसतो, इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेलं चित्र असतं. फॉन्ट बदलला की सगळं गिचमिड. ई-बुकला युनिकोड लागतं, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आहेत, पण ते ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला लावतात, रफार एक घर सरकवतात, 'दऱ्या' आणि 'दर्या' एकच करून टाकतात, 'ॲ'चा चंद्र हरवतात. हे पकडायला मराठी नीट येणारा आणि कॉम्प्युटरला न घाबरणारा माणूस लागतो. मराठीचा पदवीधर बहुतेक कॉम्प्युटरला घाबरतो, कॉम्प्युटरवाल्याला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. तू मधल्या जागेत उभी राहू शकतेस.

त्यासाठी ईपब हा ई-बुकच्या फाइलीचा प्रकार काय आहे ते शीक. बरेच मराठी लेखक पीडीएफलाच ई-बुक समजतात. पीडीएफ म्हणजे एकाच मापाचा गणवेश. सहा इंची मोबाईलवर वाचक तो ओढून-ताणून बघतो आणि सोडून देतो. ईपबमधला मजकूर वाचकाच्या पडद्याप्रमाणे आणि त्याने निवडलेल्या अक्षराच्या आकाराप्रमाणे वाहतो. आतून ती वेबपानांची एक झिप केलेली पेटीच असते : एक्सएचटीएमएल आणि सीएसएस. ती बनवायला सिजिल आणि कॅलिबर ही फुकट सॉफ्टवेअरं आहेत, तपासायला ईपबचेक आहे, किंडलवर पुस्तक कसं दिसेल ते पाहायला किंडल प्रिव्ह्यूअर आहे. पहिली फाइल स्वतःच्याच कथांची कर. तीच तुझी नमुना-फाइल, तीच घेऊन प्रकाशकाकडे जा. पानाप्रमाणे दर सांग आणि मुद्रितशोधनाचे वेगळे सांग, त्यात दबू नको. पुण्यात आणि चेन्नईत परदेशी प्रकाशकांसाठी हेच काम करणाऱ्या कंपन्या आहेत. २८ जून २०२५ पासून युरोपात ई-बुकं दृष्टिहीनांनाही वाचता येतील अशी करणं कायद्याने बंधनकारक झालंय, त्यामुळे चित्रांना वर्णन देणं, मथळ्यांची उतरंड नीट लावणं हे येणाऱ्यांना तिथे विचारतात. तिथल्या नोकरीला इंग्रजी बऱ्यापैकी लागेल.

लेखिका म्हणूनही या यंत्रांची ओळख हवी. किंडलसारख्या ई-रीडरचा पडदा मोबाईलसारखा आतून उजेड फेकत नाही. त्यात बारीक कुप्यांमध्ये काळे-पांढरे विद्युतभारित कण असतात. पान उलटताना ते वर-खाली होतात आणि मग वीज न खाता तसेच राहतात. म्हणून चार्जिंग आठवडेच्या आठवडे टिकतं आणि भर उन्हातही वाचता येतं. बहुतेक ई-रीडर अजून काळे-पांढरेच आहेत, त्यामुळे काळ्या मुखपृष्ठावर लाल अक्षरात नाव घातलंस तर ते दिसणारच नाही. दुकानाच्या यादीत तर मुखपृष्ठ बोटाच्या पेराएवढं दिसतं. आणि एक गोष्ट मराठी लेखकांना कुणी सांगत नाही : किंडलवर पुस्तकाचा सुरुवातीचा साधारण दहा टक्के भाग नमुना म्हणून फुकट वाचता येतो. आपल्याकडे अर्पणपत्रिका, मनोगत, कुणा मान्यवराची प्रस्तावना आणि ऋणनिर्देश यांतच ते दहा टक्के संपतात. वाचक कथेपर्यंत पोचतच नाही. हे सगळं पुस्तकाच्या शेवटी टाक.

तुझ्या दोन्ही कथा वाचल्या. ॲपवर जिला भरभरून प्रतिसाद आलाय ती कॉलेजातली प्रेमकथा चटपटीत आहे, पण तशी शंभर जणी लिहितात. विड्या वळणाऱ्या बायकांची दुसरी कथा, ज्यात त्या निम्मं तेलुगु निम्मं मराठी बोलतात, ती मात्र पूर्वभागात वाढलेल्या माणसालाच लिहिता येईल. तिला कमी वाचक मिळाले म्हणून ती बाजूला टाकू नकोस. तसल्या आठ-दहा कथा झाल्या की संग्रह होतो. त्यातली एखादी आधी दिवाळी अंकाकडे पाठव. संवादांमधलं तेलुगु कुणी 'शुद्ध' करायला लागलं तर नाही म्हण.

तेलुगुवरून आठवलं. दोन्ही भाषा घरच्यासारख्या येणारी माणसं सोलापुरात गल्लोगल्ली असली तरी तेलुगुतून थेट मराठीत ललित अनुवाद करणारे फार थोडे आहेत. बोलता येणं वेगळं आणि लिपी वाचता येणं वेगळं, तेव्हा तेलुगु लिपी येत नसेल तर आजीकडून शीक, नाहीतर शेजारी विचार.

ताई, पुन्हा तुमच्याकडे येतो. एम.ए.चा अर्ज भरायला लावा. सोलापुरातच राहून होईल, आणि संपादन, अनुवाद, शिकवणं या तिन्ही वाटांना ते उपयोगी पडतं. बी.एड. तिला मनापासून नको असेल तर आत्ता जबरदस्ती करू नका, एम.ए.नंतरही सीईटी देता येते. त्या प्रकाशनाला फोनवर काही बोलू नका. 'विचार करून लेखी कळवतो' म्हणा आणि आगाऊ म्हणून पाचशे रुपयेही पाठवू नका.

केडीपीचं खातं मुलीच्या स्वतःच्या नावाने उघडा, माहितीतल्या कुणाच्या खात्यावर नको. तिथे कराची प्रश्नावली येते, तीत पॅन क्रमांक भरायला विसरू नये. अमेरिकेतल्या विक्रीवर एरवी ३० टक्के कर कापतात, भारताशी असलेल्या करारामुळे तो १५ टक्के होतो. तिकडची मराठी माणसं पुस्तकं घेतात.

किंडल मात्र आत्ता नको. किंडलचं ॲप मोबाईलवर फुकट मिळतं आणि मराठी वाचक बहुतेक मोबाईलवरच वाचतो, तेव्हा तिने पुस्तक आधी तिथेच नीट दिसतंय का ते पाहावं. जुनी पुस्तकं ई-बुकमध्ये बदलून देण्याच्या पहिल्या कामाचे पैसे आले की तिच्याच पैशांतून घेऊ दे. गिऱ्हाइकाची फाइल तपासायला तेव्हा ते यंत्र खरोखर लागेल.