साल्सासाठी टमाटर, मिरची, सांबार: केंद्रवाल्याचं नको, डब्यावरचं वाचा

प्रश्न (कळमेश्वर तालुका): बायकोच्या बचत गटाला नागपूरच्या एका हॉटेलनं साल्सा करून मागितला आहे. अर्ध्या एकरात टमाटर, मिरची, कांदा, सांबार (कोथिंबीर) घ्यायचा विचार आहे. पण मार्चमध्ये लावलेल्या टमाटरचं फूल झडलं. कृषी केंद्रातून (औषध-खताच्या दुकानातून) आणलेल्या टॉनिकचे तीन फवारे झाले, फरक नाही.

उत्तर: पडणारही नव्हता. रात्रसुद्धा गरम राहिली की परागकण निकामी होतात आणि फूल गळतं. आपल्याकडे एप्रिल-मेत पारा 44-45 वर असतो, तो टॉनिकनं उतरत नाही. चौथा फवारा मारू नका. चुकून धरलेलं फळही 30 अंशांच्या वर नीट लाल होत नाही, पिवळट राहतं.

साल्सा हा मेक्सिकोचा प्रकार, पण आपल्या भेदराच्या (टमाटरच्या) चटणीचाच भाऊ समजा. टमाटर, कांदा, हिरवी मिरची, सांबार आणि वरून लिंबू. बहुतेक वेळा हे सगळं कच्चंच खातात. म्हणजे मालावर राहिलेलं औषध थेट पोटात. पुढचं सगळं यावरच आहे.

चारही माल डिसेंबर ते फेब्रुवारीत हाताशी आले पाहिजेत. मिरची आणि रांगड्या (उशिरा खरिपाच्या) कांद्याचं बी ऑगस्टमध्ये टाका, टमाटरचं सप्टेंबरच्या सुरुवातीला. टमाटर गराचा, लांबट, कमी बियांचा घ्या; पाणचट वाणाचा साल्सा ताटात पळतो. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन असलं तरी ती लाल करून वाळवायची, या कामाची नाही. हॉटेलवाल्यानं जाड सालीची हालापेन्यो मागितली तर आधी दोन सरी लावून पाहा, पूर्ण वावर नको.

रोपं मात्र जाळीतच. हे मी दर बैठकीत सांगतो, तरी उघड्यावरचीच रोपं येतात. गादीवाफ्यावर बारीक छिद्रांची नायलॉन जाळी, लावणीच्या आधी वावराच्या कडेनं मक्याच्या दोन ओळी. पांढरी माशी रोपात शिरली की पानं गुंडाळणारा विषाणू सोबत घेऊन येते, आणि विषाणूवर औषध नाही. कोणी विकत असेल तर तो तुम्हाला फसवतो आहे. असं झाड दिसलं की उपटा आणि पुरा. भारी काळ्या जमिनीत गादीवाफा नसेल तर मिरचीची मूळकूज ठरलेलीच.

प्रश्न (हिंगणा तालुका): मिरचीची पानं आकसली. केंद्रवाल्यानं चार औषधं एकत्र करून दिली. किती दिवसांनी पुन्हा मारू?

उत्तर: मारूच नका. आधी पान हातात घ्या. कडा वर वळल्या तर फुलकिडे, खाली वळल्या तर कोळी (माइट). कोळी हा कीटकच नाही, फुलकिड्यांची बहुतेक औषधं त्याला लागत नाहीत. उलट सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक पुन्हा पुन्हा मारलं की कोळी खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी माजतो. मग केंद्रवाला पाचवी बाटली काढतो. मी असे पंप पाहिलेत: कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक, विद्राव्य खत सगळं एकातच, पाणी दह्यासारखं फाटलेलं, आणि कास्तकार विचारतो पान का जळलं.

एका वेळी एकच औषध, डब्यावर लिहिलंय तेवढंच. झाकणानं मोजायचं नाही. ‘थोडं जास्त टाकलं तर लवकर मरेल’ हे तर मुळीच नाही. डब्यावर त्या पिकाचं नाव नसेल तर डबा परत करा. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाला भाजीपाल्यावर 2005 पासून बंदी आहे, तरी लोक मागतात. 2017 मध्ये यवतमाळला फवारणी करताना माणसं मेली, ते विसरलात?

सुरुवात निंबोळी अर्कानं करा. 5 किलो निंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवा, गाळा, थोडं साबण घाला, 100 लिटर करा. संध्याकाळी फवारा, उरलेला दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. सोबत पिवळे-निळे चिकट सापळे लावा.

प्रश्न (पारशिवनी तालुका): सांबार पिवळा पडतो, युरिया दुप्पट केला. आता फुलांचे तुरे येत आहेत.

उत्तर: युरियानं तुरे थांबत नाहीत, ऊन वाढलं की येणारच. दुप्पट युरियानं फक्त पान लुसलुशीत होतं, मावा येतो आणि जुडी दुपारपर्यंत माना टाकते. पिवळेपणा बहुधा पाणी साचल्यानं आहे, आधी चर काढा. धने रगडून दोन फाकी करून पेरा. ऑक्टोबरपासून दर 12 दिवसांनी एक वाफा पेरला की कापणी चालू राहते. नाल्याचं किंवा नागपूरचं सांडपाणी वाहणाऱ्या नागनदीचं पाणी सांबाराला नको, कच्चं खाणाऱ्यांना तर नकोच नको.

ठिबकसाठी अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर करा. शेतकरी ओळख क्रमांक आधी काढून ठेवा, पूर्वसंमती येण्याआधी साहित्य विकत घेऊ नका. अनुदानाची टक्केवारी सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) विचारा, विक्रेत्याला नाही.

आणि कळमेश्वरवाल्यांसाठी: गटाच्या भिंतीवर एक पाटी लावा. कोणत्या वाफ्यावर काय मारलं, कोणत्या तारखेला, आणि डब्यावर लिहिलेले थांबायचे दिवस कधी संपतात. ती तारीख उलटल्याशिवाय त्या वाफ्यातला माल चिरायला घेऊ नका, हॉटेलवाल्याचा कितीही फोन येवो.