क्रूझवर वेळ कशी कळते आणि बिनखिडकीच्या केबिनमध्ये सकाळी जाग कशी येते?

प्रश्न निपाणीहून आलाय. डिसेंबरात आई-वडिलांना घेऊन सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझवर निघालाय, केबिन बिनखिडकीची आहे, समुद्रात फोनला रेंज नसणार, मग वेळ कशी कळायची, सकाळी उठायचं कसं आणि घरातलं गजराचं घड्याळ बरोबर न्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

न्या. सेलवर चालणारं, साधं, अंधारात काटे दिसणारं न्या. पहिल्या संध्याकाळी ते जहाजाच्या वेळेला लावा आणि जहाजावरून सूचना आल्याशिवाय त्याला हात लावू नका. खरं म्हणजे उत्तर एवढंच. पण आम्ही नवरा-बायको दोन वर्षांपूर्वी सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर असे जाऊन आलो आणि वेळेच्या बाबतीत जेवढं म्हणून चुकता येतं तेवढं चुकलो. तेव्हा पुढचंही वाचा.

मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत 31 वर्षं काढली. पहिली पाळी सातची. पहाटे पाचला उठायला मला कधी गजर लागला नाही आणि त्याचा मला चांगलाच माज होता. जहाजावर गेल्यावर कळलं की एवढी वर्षं मला उठवायचं काम बेळगावातली आमची टिळकवाडी करत होती. मालगाडीची शिट्टी, दुसऱ्या गेटला फाटक पडलं की थांबलेल्या गाड्यांचे हॉर्न, दूधवाल्याच्या किटल्या, नळाला पाणी आलं की शेजारच्या घरातला बादल्यांचा खणखणाट. शिवाय खिडकीच्या फटीतून येणारा तो राखाडी उजेड.

बिनखिडकीच्या केबिनमध्ये यातलं काही म्हणजे काही नाही. दार लावून दिवा मालवला की स्वतःचा हात दिसत नाही. एसीचा एकसुरी आवाज आणि गादीखालून येणारी बारीक थरथर, बस्स. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात ना, तिथे राहतं. पहिल्या सकाळी माझा डोळा नेहमीसारखा पाचला उघडला. आपल्या पाचला, म्हणजे जहाजावरच्या साडेसातला. मिट्ट काळोख बघितला, अजून रात्रच आहे म्हटलं आणि कूस बदलली. परत जाग आली तेव्हा सव्वादहा झाले होते, नाश्त्याची टेबलं पुसून झाली होती आणि आमची मंडळी चहावाचून माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती ते इथे लिहीत नाही.

तर पहिलं गणित अडीच तासांचं. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे. सकाळी सातला सहलीसाठी जमायचं असेल तर सहाला उठावं लागतं, म्हणजे तुमच्या आई-वडिलांच्या शरीराला तेव्हा साडेतीन वाजलेले असतात. ऐन साखरझोप. रात्रपाळी केलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, बाकीच्यांना पहिले दोन दिवस जड जातात. यावर एकच इलाज मला लागू पडला: उठल्या उठल्या तोंड धुऊन थेट वरच्या उघड्या डेकवर जायचं, चहा तिथेच घ्यायचा. डोळ्यांवर उजेड पडला की शरीर मुकाट्यानं ऐकतं.

पण साडेसहाला वर जाऊन अंधार दिसला तर घड्याळावर संशय घेऊ नका. सिंगापूर आहे साधारण 104 रेखांशावर, म्हणजे सूर्याच्या हिशेबानं ग्रीनिचच्या जेमतेम सात तास पुढे. घड्याळ मात्र आठ तास पुढचं. आधी साडेसात होतं, पण 1 जानेवारी 1982 ला मलेशियानं आपल्या दोन्ही भागांची वेळ एक करायची म्हणून अर्धा तास पुढे ढकलला आणि शेजारी म्हणून सिंगापूरही बरोबर गेलं. त्यामुळे तिकडे बारा महिने सूर्य सातच्या आसपासच उगवतो. आपलंही थोडंफार तसंच आहे म्हणा. भारताची वेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची, बेळगाव साडेचौऱ्याहत्तरवर, म्हणून आपल्याकडे सूर्य डोक्यावर यायला साधारण साडेबारा होतात. तिकडे एक.

आता जहाजाची वेळ. जेवण, कार्यक्रम, बंदरावरून परत यायची वेळ, सगळं एकाच वेळेत सांगतात आणि ती जहाजाची वेळ. बंदरातलं घड्याळ काय म्हणतं याच्याशी तिचा संबंध असेलच असं नाही. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे आहे, पण आमचं जहाज फुकेतलाही सिंगापूरच्याच वेळेवर चाललं. काही मार्गांवर जहाज आपली वेळ बदलतं. इटलीहून ग्रीसला जाताना एक तास पुढे, येताना मागे. बदल बहुधा रात्री दोनला करतात आणि आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये जो दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रमाचा कागद येतो त्यावर तसं ठळक छापलेलं असतं. हल्ली तोच कार्यक्रम जहाजाच्या ॲपवरही असतो. आमच्या टेबलावर वाढणारा मुलगा गोव्याचा होता, त्याच्याशी मराठी-कोकणी मिसळून गप्पा व्हायच्या. घड्याळ मागे जायच्या रात्री सगळे खुश, तासभर झोप फुकट मिळते, आणि पुढे जायच्या रात्री कुणी कुणाशी बोलत नाही, असं तो म्हणाला. वरती ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, चार-चार तासांच्या पाळ्या असतात हेही त्यानंच सांगितलं. बारा ते चार, चार ते आठ, आठ ते बारा, आणि तीच पाळी दिवसातून दोनदा. आमच्या आठ तासांच्या तीन पाळ्या बऱ्या म्हणायच्या.

मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपच्या क्रूझवर हा प्रश्नच येत नाही, सगळीकडे आपलीच वेळ.

खरा दगा फोन देतो. तुम्ही निपाणीचे, तुम्हाला हे एका वाक्यात समजेल. पूर्वी कोगनोळीच्या नाक्याजवळ फोन आपण कर्नाटकात असतानाच महाराष्ट्राचा टॉवर पकडायचा आणि रोमिंगचे पैसे कापायचा, आठवतं? मलाक्काच्या सामुद्रधुनीत तसंच होतं, फक्त पैशाबरोबर वेळही बदलते. एका बाजूला मलेशिया, दुसऱ्या बाजूला इंडोनेशियाचं सुमात्रा, ते एक तास मागे. वर थायलंड, तेही मागे. डेकवर उभं असताना फोनला ज्याचा टॉवर लागेल त्याची वेळ तो गुपचूप लावून घेतो आणि तुम्ही लावलेला सहाचा गजर त्या वेळेप्रमाणे वाजतो. शिवाय जहाजाचं स्वतःचंही मोबाइल नेटवर्क असतं आणि त्याचं बिल विमानाच्या तिकिटासारखं येतं. म्हणून जहाज सुटायच्या आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, सेटिंगमध्ये जाऊन आपोआप वेळ घेणं बंद करा आणि हातानं सिंगापूर निवडा. एअरप्लेन मोडवरही गजर वाजतो. जहाजाचं वाय-फाय तेवढं चालू करा, इंटरनेटचे पैसे भरले नाहीत तरी ॲप बहुधा उघडतं.

हे सगळं मी केलं होतं. मग फुकेतला मुलीचा फोन यायचा होता म्हणून एअरप्लेन मोड काढला, आणि वेळेची सेटिंग आदल्या रात्री फोनशी खेळताना परत जुनीच झालेली होती. आमचं जहाज समुद्रात नांगर टाकून उभं होतं, पाटोंगच्या किनाऱ्यावर छोट्या बोटींनी सोडत होते. परतीची शेवटची बोट साडेचारला. वाळूत बसलो, शहाळी मागवली, फोन बघितला: तीन वाजून पाच मिनिटं. म्हटलं निवांत आहे, अजून एक शहाळं घेऊ. सौ.च्या हातात माझ्या वडिलांचं एचएमटी होतं, बेंगळुरूच्या कारखान्यातलं, चावीचं. तिनं ते पहिल्या दिवशी जहाजाच्या वेळेला लावलं होतं आणि रोज सकाळी न चुकता चावी देत होती. ती म्हणाली, "अहो, माझ्यात चार वाजून गेलेत की." मी म्हटलं, "जुनं घड्याळ आहे ते, पळत असेल." आमच्या 34 वर्षांच्या संसारात मी इतकं मूर्खासारखं वाक्य क्वचितच बोललो असेन. शहाळी अर्धी टाकून, चपला हातात घेऊन त्या वाळूतून धावलो. बोटीत चढलो तेव्हा दहा मिनिटं शिल्लक होती.

जहाजानं ठरवलेल्या सहलीबरोबर गेलात तर सहसा तुमच्यासाठी थांबतात. आपले आपण फिरायला गेलात तर थांबत नाहीत, पुढच्या बंदरापर्यंत स्वखर्चानं जा. म्हणून आई-वडिलांपैकी एकाच्या तरी मनगटावर साधं घड्याळ असू द्या. ज्या घड्याळाला टॉवरच कळत नाही ते समुद्रात जास्त भरवशाचं.

आता उठायच्या युक्त्या. केबिनमधल्या फोनवरून वेक-अप कॉल लावता येतो आणि बऱ्याच जहाजांवर त्या फोनच्या पडद्यावर जहाजाची वेळही दिसते. पण कॉल यंत्राचा असतो. मी एकदा झोपेतच रिसीव्हर उचलून ठेवून दिला आणि पुन्हा घोरू लागलो. त्यापेक्षा नाश्ता खोलीत मागवा. रात्री दाराच्या मुठीला एक कार्ड अडकवायचं, त्यावर काय हवं आणि किती वाजता त्याची खूण करायची. काही जहाजांवर हे फुकट, काहींवर पैसे पडतात. सकाळी जिवंत माणूस ट्रे घेऊन दार ठोठावतो, त्याला रिसीव्हरसारखं ठेवून देता येत नाही. तिसऱ्या दिवसापासून आम्ही याच गजरावर उठलो.

दुसरी युक्ती टीव्हीची. बहुतेक जहाजांवर एक चॅनेल पुढच्या कॅमेऱ्याचं असतं, नुसता समुद्र दाखवणारं. रात्री ते लावून आवाज बंद करून झोपायचं. रात्रभर पडदा काळा असतो, पहाटे हळूहळू निळा होतो, मग खोलीत उजेड पसरतो. म्हणजे खिडकीच झाली. वडीलधाऱ्यांना रात्री बाथरूमला उठताना त्या काळ्या पडद्याच्या मंद उजेडाचाही उपयोग होतो.

विजेचं एक सांगतो. बऱ्याच केबिनमध्ये दाराजवळच्या खाचेत कार्ड घातलं तरच दिवे लागतात, आणि कार्ड काढलं की काही ठिकाणी चार्जिंगही बंद पडतं. रात्री गजर लावून चार्जिंगला ठेवलेला फोन सकाळी मेलेला असू शकतो. आणि प्लगवर चालणारं डिजिटल घड्याळ नेऊ नका. जहाजावर वीज बहुधा 60 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 60 लहरींची, आपल्याकडे 50 ची. मी काही इलेक्ट्रिशियन नाही, पण मोटरींच्या पाट्या वाचून जन्म गेला. विजेच्या लहरी मोजून चालणारं घड्याळ तिथे तासाला 12 मिनिटं पुढे पळतं. सकाळपर्यंत तुम्ही जपानच्या वेळेवर. सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेंशन बोर्डही नेऊ नका, तपासणीत काढून घेतात.

वार कुठला हे विसरायला होतं, ते मात्र खरं. काही जहाजांवर लिफ्टमधला गालिचा रोज बदलतात, त्यावर वाराचं नाव विणलेलं असतं. आमच्याकडे ते काम सौ.चे उपास करत होते. पेनांगहून निघालो त्या संध्याकाळी संकष्टी होती. तिनं घरून निघताना कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ लिहून घेतली होती, 8:50 च्या सुमाराची. जहाजाच्या घड्याळात 8:50 झाले, आम्ही डेकवर, चंद्राचा पत्ता नाही. नऊ झाले, सव्वानऊ झाले. शेजारी कुणी नाचतंय, कुणी पोहतंय, आणि ही हात जोडून पूर्वेकडे तोंड करून उभी. साधारण 9:40 ला पाण्यावर तांबूस कड दिसली. माझ्या जुन्या फोनमध्ये भारताची वेळ ठेवली होती, त्यात 7:10 झाले होते. म्हणजे एका घड्याळाप्रमाणे चंद्र उशिरा आला आणि दुसऱ्याप्रमाणे दीड तासाहून जास्त लवकर. मी तिला रेखांश समजावून सांगायला लागलो तर म्हणाली, "दिसला नव्हं? मग झालं." आणि केळं सोललं. तुमच्या आईंचा उपास असेल तर कॅलेंडर घरीच ठेवा.

शेवटच्या रात्रीचं तेवढं लक्षात असू द्या. मोठ्या बॅगा झोपायच्या आधी केबिनबाहेर ठेवायच्या असतात, त्या रात्रीतच घेऊन जातात आणि थेट धक्क्यावर मिळतात. सकाळी केबिन लवकर रिकामी करावी लागते. सकाळचे कपडे, औषधं आणि घड्याळ हातातल्या पिशवीत ठेवा. आम्ही कपडे ठेवले, औषधं ठेवली, आणि पाचचा गजर लावलेलं घड्याळ टॉवेलात गुंडाळून मोठ्या बॅगेत टाकलं. धक्क्यावर आमची बॅग रांगेत नव्हती. एका हमालानं वेगळी काढून कोपऱ्यात ठेवली होती आणि लांब उभं राहून तिच्याकडे बघत होता. ती अजून वाजत होती.