डिस्क टू फ्लॉपी ड्राइव्हचा जळालेला बोर्ड नव्याने डिझाइन करता येतो का?

हो, येतो. मी स्वतः तो करून वापरतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही लिहिलंय की ड्राइव्ह अ‍ॅपल टू या जुन्या कॉम्प्युटरची डिस्क टू आहे, मोटर फिरते पण काहीच वाचलं जात नाही, आणि वरच्या बोर्डावरची एक चिप फुटली आहे. ती चिप ७४एलएस१२५ आहे का, हे सगळ्यात आधी बघा. असेल, तर नवा बोर्ड कदाचित लागणारच नाही. या ड्राइव्हचं हे जुनं दुखणं आहे. कंट्रोलर कार्डावर केबल जिथे बसते तिथे नुसत्या २० उघड्या पिना आहेत, भोवती कडा नाही. अंधारात चाचपत केबल लावली आणि ती एक जोडी सरकून बसली, की १३ नंबरच्या पिनेवरचे १२ व्होल्ट ड्राइव्हच्या ११ नंबरवर, म्हणजे ५ व्होल्टच्या लाइनवर जातात. मग ही बिचारी चिप पहिली जाते. ती आजही नवी मिळते. जुनी काढा, सॉकेट बसवा, नवी लावून बघा.

तांब्याच्या पट्ट्याच उखडल्या असतील तर मात्र नवा बोर्ड करा. बिचकू नका, कारण तो आश्चर्य वाटावं इतका साधा आहे. ही ड्राइव्ह १९७८ मध्ये आली; तिच्यासाठी शुगार्ट कंपनीच्या ड्राइव्ह यंत्रणेवरचं बरंचसं इलेक्ट्रॉनिक्स अ‍ॅपलचे स्टीव्ह वॉझनियॅक यांनी काढून टाकलं आणि ते काम सॉफ्टवेअरवर सोपवलं. हेड (फ्लॉपी वाचणारा-लिहिणारा भाग) शून्य ट्रॅकवर, म्हणजे फ्लॉपीच्या सगळ्यात बाहेरच्या वर्तुळावर, आलं हे सांगणारा सेन्सरसुद्धा ठेवला नाही. सुरू होताना जो खडखडाट ऐकू येतो, तो हेड शेवटच्या अडसरावर आपटण्याचा. हे डिझाइन मी जितक्या वेळा उलगडून बघतो, तितका त्या माणसाबद्दलचा आदर वाढतो. आपल्या वाट्याला उरतात चारच चिपा: ७४एलएस१२५, स्टेपर (हेड सरकवणारी मोटर) चालवणारी यूएलएन२००३, लिहिण्याच्या बाजूची सीए३१४६ आणि वाचणारी एमसी३४७०.

पहिल्या दोन सहज मिळतात. सीए३१४६ म्हणजे एका पाकिटात भरलेले ट्रान्झिस्टर, त्यामुळे सुटे ट्रान्झिस्टर लावूनही भागतं. एमसी३४७० आता बनत नाही, म्हणून तुमच्या जुन्या बोर्डावरची जपून काढा. अशा चिपा विकतही मिळतात, पण त्यांत पुसून नवं नाव छापलेला मालही असतो.

सगळी कसोटी या एमसी३४७० भोवती आहे. हेडकडून येतो तो सिग्नल अवघा काही मिलिव्होल्टचा. चिप तो मोठा करते, त्याचं प्रत्येक शिखर नेमकं कुठे आहे ते शोधते आणि तिथे एक पल्स देते. दर ४ मायक्रोसेकंदांना एक बिट येतो, तेव्हा पल्स थोडी इकडेतिकडे झाली तरी बाइट चुकतो. माझ्या पहिल्या बोर्डावर डॉस (अ‍ॅपल टूची ऑपरेटिंग सिस्टिम) सुरू व्हायचं, कॅटलॉग म्हणजे फाइलींची यादी दिसायची, पण काही फाइल उघडताना आय/ओ एरर यायची. दोन दिवस हेड साफ करण्यात गेले. मग कुठली फाइल कुठल्या ट्रॅकवर आहे ते लिहून काढलं, तर चुका सगळ्या तिसाव्या ट्रॅकच्या पुढच्या. डॉस ० ते २ वर असतं, कॅटलॉग १७ वर, म्हणून ते सुटत होते. आतल्या ट्रॅकवर बिट दाटीने असतात आणि सिग्नल क्षीण असतो. ऑसिलोस्कोप लावला तेव्हा कळलं, मोटरचा करंट आणि वाचणाऱ्या चिपचं ग्राउंड एकाच बारीक पट्टीवरून परत जात होतं.

म्हणून मोटर आणि स्टेपरचं ग्राउंड वेगळं, रुंद पट्टीने थेट कनेक्टरपर्यंत न्या. हेडच्या दोन तारा शेजारी शेजारी, सारख्या लांबीच्या आणि आखूड ठेवा, त्यांच्या खाली अखंड ग्राउंड ठेवा. एमसी३४७०च्या भोवतीचे छोटे कपॅसिटर सी०जी जातीचेच घ्या. एक्स७आर स्वस्त असतात, पण तापमान आणि व्होल्टेज बदललं की त्यांची धारिता (कपॅसिटन्स) बदलते. यूएलएन२००३ची नववी पिन १२ व्होल्टला जोडायला विसरू नका, आतले संरक्षक डायोड त्याशिवाय कामच करत नाहीत.

मूळ बोर्डात नसलेली एकच गोष्ट मी घातली: ५ व्होल्टच्या लाइनवर आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज आणि त्यानंतर ५.६ व्होल्टचा, ५ वॉटचा झेनर (जास्तीचं व्होल्टेज रोखणारा डायोड). केबल पुन्हा सरकली तर चिप वाचावी म्हणून. बाकी सर्किट आहे तसंच ठेवा, सुधारणा करायचा मोह होतोच.

आराखड्यासाठी रिकामा बोर्ड दोन्ही बाजूंनी स्कॅनरवर घ्या आणि स्क्रूची भोकं व्हर्नियरने मोजा. मी कीकॅड या बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं. छपाईला पाठवण्याआधी कागदावर एकास एक प्रिंट काढून ड्राइव्हवर ठेवून बघा.

नवा बोर्ड लावल्यावर पहिल्यांदा कुठलीही मोलाची फ्लॉपी घालू नका. लिहिण्याच्या बाजूला चूक असेल तर ती नुसती फिरतानाच पुसली जाईल. आधी कोरी घाला. मग मोटरचा वेग तपासा, तो मिनिटाला ३०० फेऱ्या हवा. शुगार्टच्या ड्राइव्हखाली चाकावर पट्ट्यांची दोन वर्तुळं असतात, त्यातलं ५० हर्ट्झचं आपल्या कामाचं. एलईडीच्या उजेडात हे नीट दिसेलच असं नाही, जुनी चोकवाली ट्यूबलाइट शोधा. तिच्याखाली पट्ट्या जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसेपर्यंत मागच्या छोट्या बोर्डावरचा स्क्रू हळूहळू फिरवा, आणि मगच तिसाव्याच्या पुढच्या ट्रॅकवरची फाइल उघडून बघा.