थंडीत कोंबड्यांचं खुराडं सगळीकडून बंद करावं का?

तुम्ही लिहिलंय 10 गावरान कोंबड्या आहेत, खुराडं 6 बाय 4 फुटाचं, थंडीसाठी चारी बाजूंनी ताडपत्री मारली आणि आता कोंबड्या शिंकायला लागल्यात. ताडपत्रीची वरची वीतभर आज रात्रीच सोडा, बाकीचं उद्या वाचलं तरी चालेल.

मी निफाडकडचा. आमच्याकडे पारा 5 च्या खाली गेला की द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवून बसतात, त्यामुळे पहिल्या वर्षी मलाही वाटलं की कोंबड्या गारठून जातील, म्हणून मी दाराच्या फटीसुद्धा बारदानाच्या चिंध्या कोंबून बुजवल्या. पंधरा दिवसांत दोन गेल्या, बाकीच्यांच्या डोळ्यांत फेस. डॉक्टरांनी औषध दिलं पण म्हणाले, पहाटे पाचला दार उघडून आधी स्वतःचं डोकं आत घाला. घातलं तर डोळ्यांतून घळाघळा पाणी, पत्र्याला आतून दव सुटलेलं आणि खाली तुसाचा पार लगदा.

कोंबडीचं अंग 41 अंशाच्या आसपास गरम असतं, वर पिसांची गोधडी, कोरडी असेल तर ती आपली थंडी आरामात काढते. पण एकेक कोंबडी दिवसाला जवळपास पाव लिटर पाणी पिते आणि त्यातलं बरंचसं विष्ठेतून नि श्वासातून बाहेर येतं, बंद खुराड्यात ते जाणार कुठं? लिटर, म्हणजे खाली अंथरलेलं तूस, ओलं होतं, त्यातून अमोनिया हा झोंबणारा वायू सुटतो, तो श्वासनळी खराब करतो आणि मग सर्दीला रस्ता मोकळा. आपल्या नाकाला झोंबेपर्यंत त्यांचा त्रास कधीच सुरू झालेला असतो.

मग मी काय केलं, तर दोन्ही लांब बाजूंना पत्र्याच्या लगेच खाली 6 इंचाची पट्टी उघडी ठेवली आणि तिला अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी ठोकली (साधी चिकन जाळी नको, मुंगूस फाडतं). गरम दमट हवा वर जाते, ती तिथून निघून जाते. त्याच्या खाली मात्र सगळं घट्ट बंद, कारण बसायच्या दांडीवर थेट झोत लागायला नको. दांडी त्या पट्टीपेक्षा फूटभर तरी खाली ठेवा, आणि गोल काठीऐवजी दोन इंच रुंद चपटी पट्टी लावा म्हणजे बोटं पोटाखाली झाकली जातात. दिवसा ताडपत्री पूर्ण वर गुंडाळायची, ऊन आत गेलं पाहिजे. पाण्याचं भांडं रात्री बाहेर, सांडलवंड तिथंच जास्त होते.

लिटर मुठीत दाबून बघा, लाडू वळला तर ओलं आहे, बदला. भुरभुरलं तर ठीक. मी रोज सकाळी दांडीखालचं तेवढं खरवडून काढतो, दहा कोंबड्यांना पाच मिनिटं पुरतात.

आणि ते बर्फातल्या लोकांचे व्हिडिओ बघून हीटर वगैरे लावू नका हो. पिल्लं असतील तर बल्ब हवाच, पहिल्या आठवड्यात 35 अंशाच्या आसपास, पुढे दर आठवड्याला थोडं कमी. पण कोळशाची शेगडी आत ठेवून दार लावायचं नाही, कोळशातून निघणाऱ्या विषारी गॅसला वासही नसतो, सकाळी सगळी पिल्लं आडवी दिसतील.

शिंकणाऱ्या आत्ताच वेगळ्या डालग्यात काढा. मान वाकडी होत असेल किंवा हिरवी हगवण असेल तर मात्र ही मानमोडी (राणीखेत रोग) असू शकते, तिथं खिडक्या उघडून काही होणार नाही, लगेच डॉक्टरांना दाखवा.