यलोनाइफला पायलट व्हायचंय? सुरुवात रॅम्पवरून

कॅनडाच्या उत्तरेत, म्हणजे यलोनाइफ, इनुविक, रँकिन इनलेट, थॉम्पसन, सू लुकआऊट ह्या पट्ट्यात छोटी विमानं उडवायच्या नोकरीबद्दल बरेच प्रश्न साठलेत, त्यातले वारंवार येणारे आज घेते. मी इथे ट्विन ऑटर, म्हणजे दोन इंजिनांचं छोटं विमान, उडवते आणि नवीन पोरं घेताना मुलाखतीलाही बसते, त्यामुळे जे सांगतेय ते टेबलाच्या त्या बाजूने बघून सांगतेय.

प्रश्न: ताई, माझ्याकडे कॅनडाचं सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) आहे, मल्टी-आयएफआर (दोन इंजिनांचं विमान उपकरणांवर उडवायचं रेटिंग) झालंय, उडण्याचे २३० तास आहेत. उत्तरेतल्या जवळजवळ सगळ्या कंपन्यांना ईमेल केले, एकाचंही उत्तर नाही. रेझ्युमेत काय चुकतंय? (ब्रॅम्प्टन)

रेझ्युमेत बहुतेक काहीच चुकत नाहीये. २०० तासांना सीपीएल मिळतं त्यामुळे २०० ते २५० तासवाले सगळे रेझ्युमे एकसारखेच दिसतात, नाव सोडलं तर फरक करायला काही नसतं, आणि असे ईमेल चीफ पायलटला रोज येतात. तो स्वतः दिवसभर उडत असतो, रात्री बसून ते कोण वाचणार. आणि खरी गोष्ट अशी की को-पायलटची सीट रिकामी झाली की ती बाहेरच्या कोणाला जातच नाही, रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी असतात तिथे सामान-इंधन भरायची कामं करणाऱ्यांत, जो सगळ्यात जुना आणि भरवशाचा आहे त्याला जाते. म्हणजे तुम्ही ज्या नोकरीसाठी अर्ज करताय ती नोकरी तुमच्यासाठी अजून निघालेलीच नाहीये, निघालीये ती रॅम्पची. अर्ज तिचा करा.

आणि स्वतः या. एडमंटनहून यलोनाइफ गाडीने साधारण दीड हजार किलोमीटर आहे, विमानाने दोनेक तास. हिवाळ्यात आलात तर अजून चांगलं, कारण जानेवारीत आलेला माणूस थंडी बघून आलाय हे समोरच्याला कळतं. सकाळी सहा ते नऊ हँगरमध्ये जाऊ नका, तेव्हा सगळी विमानं निघत असतात आणि कोणाला मान वर करायला वेळ नसतो. दुपारी जा, छापलेला रेझ्युमे हातात, पायात खरे हिवाळी बूट, आणि कॅनडाचा फुल ड्रायव्हिंग लायसन्स खिशात. ह्या लायसन्सचं मी मुद्दाम सांगतेय, कारण इंधनाचा ट्रक आणि कार्गोची व्हॅन चालवायची असते आणि कित्येक जण चांगलं फ्लाइंग करून येतात पण गाडी चालवता येत नाही म्हणून परत जातात. फर्स्ट एडचा कोर्स, डेंजरस गुड्सचं ट्रेनिंग झालेलं असेल तर रेझ्युमेत वर लिहा. काम करायचा कायदेशीर परवाना आधीच हातात हवा, छोट्या कंपन्या तुमच्यासाठी इमिग्रेशनची कागदपत्रं करत बसतील ही आशा ठेवू नका, आणि ते नियम सारखे बदलतात म्हणून एजंटचं न ऐकता सरकारी साइटवरच वाचा.

अजून एक. "मला आवर्स बिल्ड करायचेत", म्हणजे फक्त उडण्याचे तास जमवायचेत, हे वाक्य मुलाखतीत म्हणू नका, आणि खरं तर मनातही तसं असेल तर एकदा नीट विचार करा. नुनावुटमध्ये २५ गावं आहेत आणि त्यातल्या एकाही गावाला दुसऱ्या गावाशी जोडणारा रस्ता नाही. उन्हाळ्यात जहाज येतं तेवढंच, बाकी वर्षभर दूध, पोस्ट, शिक्षक, बाळंतपणाला निघालेली बाई, डायलिसिसचा पेशंट, शवपेटी सुद्धा, सगळं विमानानेच. कंपनी तुमच्या टाइप ट्रेनिंगवर (त्या ठरावीक विमानाच्या ट्रेनिंगवर) मोठा पैसा घालते आणि सहा महिन्यांत एअरलाइनचा फोन आला की माणूस निघून जातो, मग गावाची फ्लाइट क्रू नाही म्हणून कॅन्सल होते. त्यामुळे आम्ही मुलाखतीत काय शोधतो तर हा माणूस इथे राहील का. इथे आयुष्य काढणारच असं वचन कोणी मागत नाही, पण दोन-तीन वर्षं मनापासून राहणार का एवढं नक्की बघतो.

प्रश्न: मॅडम, कर्ज काढून मुलाला पायलट केलं. आता तो तिकडे विमानात सामान चढवतो, बर्फ झाडतो. उडवायला कधी देणार ते कोणी सांगत नाही. ही फसवणूक तर नाही ना? (नाशिक)

काका, तुमची काळजी मला कळते, पण रॅम्पवर काम करणं ही फसवणूक नाहीये, इथली रीतच ती आहे, आणि आज इथे डाव्या सीटवर बसलेले बहुतेक कॅप्टन त्याच वाटेने आलेत, मी पण. काही महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत लागू शकतात, किती लागतील ते कोणाच्या हातात नसतं, कारण वरचा माणूस पुढे सरकला तरच खालची जागा रिकामी होते. एअरलाइन्सची भरती जोरात असली की रांग भराभर पुढे जाते, ती थंडावली की सगळेच अडकतात. पगार साधारण किमान वेतनाच्या आसपास, आणि इथे भाडं आणि भाजी दोन्ही महाग, त्यामुळे पहिलं वर्ष ओढाताणीचं जातं हे खरंय, चार जण मिळून एक घर घेतात.

पण तो तिथे काय शिकतोय ते सांगते. स्नोमोबाइलचा इंजिन पार्ट, कुत्र्याचा पिंजरा, प्लायवूड, बटाट्याची पोती आणि सहा माणसं एका विमानात कशी बसवायची, जड काय पुढे, हलकं काय मागे, कशाला किती पट्टे, हे हाताने केल्याशिवाय येत नाही. पंखावर बोटाने घासून दव आहे का बर्फ ते ओळखायचं. ड्रममधून हातपंपाने इंधन भरताना पाणी आलंय का बघायचं. हाच मुलगा पुढे कुठल्यातरी गोठलेल्या तळ्यावर उतरेल तेव्हा तिथे रॅम्पवाला कोणी नसणार, सगळं त्याचं त्यालाच करायचंय. आणि तेवढ्या महिन्यांत आम्हाला पण कळतं की उणे पस्तीसमध्ये पहाटे पाचला हा वेळेवर येतो का, थकल्यावर चिडतो का, चूक झाली तर सांगतो का लपवतो. माझ्या मते तासांच्या आकड्यापेक्षा ही माहिती कितीतरी जास्त मोलाची आहे.

फसवणुकीची शक्यता अजिबात नाही असं मात्र मी म्हणणार नाही. मुलाला एवढंच विचारायला सांगा की ह्याच्या आधी रॅम्पवर असलेले शेवटचे तीन जण आज कुठे आहेत. ते तिघं त्याच कंपनीत उडत असतील तर धीर धरा. तिघंही कंटाळून सोडून गेले असतील तर त्याने दुसरी जागा बघावी. आणि ट्रेनिंग बॉन्ड (ट्रेनिंगनंतर ठरावीक महिने राहायचं, नाहीतर पैसे भरायचे असा करार) सही करायच्या आधी नीट वाचायला सांगा, किती महिन्यांचा आहे, रक्कम दर महिन्याला कमी होत जाते का, कंपनीनेच काढलं तर काय. बॉन्ड असणं वावगं नाही, पण रॅम्पच्या कामासाठी बॉन्ड मागत असतील तर सही करू नये.

प्रश्न: उणे ४० मध्ये इंजिन चालू तरी कसं होतं? आणि होकायंत्र तिकडे चालत नाही म्हणतात, ते खरं का? (पुणे, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी)

दोन्ही छान प्रश्न. उणे ४० ला सेल्सियस आणि फॅरनहाइट एकच होतात त्यामुळे निदान तिथे तरी कोणाचा गोंधळ होत नाही. रात्री इंजिनवर जाड गोधडीसारखं कव्हर घालायचं, पंखांवर वेगळी कव्हरं, बॅटरी काढून आत गरम खोलीत न्यायची. सकाळी हीटरचा जाडजूड पाइप त्या कव्हरच्या आत सोडायचा आणि इंजिन, ऑइल सगळं गरम होईपर्यंत थांबायचं, घाई केली तर घट्ट झालेलं ऑइल फिरत नाही आणि इंजिन खराब होतं. ट्विन ऑटरची पीटी-६ टर्बाइन जुन्या पिस्टन इंजिनापेक्षा थंडी बरीच सोसते, पण प्रीहीट तिलाही लागतंच. जेट ए-१ इंधन उणे ४७ ला गोठायला लागतं, म्हणजे काही दिवस आपण त्या आकड्याच्या फारच जवळ असतो.

थंड हवा दाट असते म्हणून विमान झटकन उचलतं, ते मस्त वाटतं. पण त्याच थंडीत अल्टिमीटर (उंची दाखवणारं यंत्र) खऱ्या उंचीपेक्षा जास्त दाखवतो, म्हणजे तुम्हाला वाटतं डोंगराच्या बरंच वर आहोत आणि प्रत्यक्षात तेवढे नसतो, म्हणून अप्रोचच्या (उतरायला खाली येतानाच्या) उंचीत तक्ता बघून फूट वाढवायचे. तळ्यावर स्कीवर (चाकांच्या जागी लावलेल्या घसरपट्ट्यांवर) उतरलो तर बर्फाच्या थराखाली पाणी साचलेलं असू शकतं, त्याला ओव्हरफ्लो म्हणतात, स्की त्यात रुतली आणि गोठली की विमान तिथेच, म्हणून पार्क करताना स्कीखाली लाकडं घालतात.

होकायंत्राचं खरंय. चुंबकीय ध्रुव जवळ असल्यामुळे तिथे चुंबकाची ओढ आडवी कमी आणि खाली जास्त असते, सुई नुसती भटकते. म्हणून कॅनडाने उत्तरेकडचा मोठा हवाई भाग वेगळाच ठेवलाय, तिथे सगळ्या दिशा खऱ्या उत्तरेवरून मोजतात, रनवेचे नंबर सुद्धा. आता जीपीएस आहे, आधीचे लोक सूर्य बघून जायरो (दिशा दाखवणारं फिरत्या चक्राचं यंत्र) सेट करायचे. १९२९ च्या जानेवारीत वॉप मे आणि व्हिक हॉर्नर हे पायलट घटसर्पाचं औषध घेऊन एडमंटनहून उत्तरेला गेले ते उघड्या कॉकपिटच्या एव्हरो एव्हियनमधून, चाकांवर. हे वाचलं की मला आजही आमच्या हीटरची किंमत कळते.

प्रश्न: नमस्कार. माझ्या मुलीला उत्तर मॅनिटोबात को-पायलटची नोकरी लागली आहे. ती खूश आहे, मला रात्री झोप येत नाही. मुलींसाठी आणि एकूणच हे सुरक्षित आहे का? (ठाणे)

काकू, आधी लेकीचं मनापासून अभिनंदन, ती सीट सहज मिळत नाही.

मुलगी म्हणून विचाराल तर हँगरमध्ये आता बायका आहेत, कॅप्टन आहेत, मेकॅनिक आहेत, आणि छोट्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात त्यामुळे बाहेरगावी मुक्काम असला तरी कोण कुठे आहे हे माहीत असतं. मुक्कामाच्या घरात तिला वेगळी खोली आणि आतून कडी आहे का हे तिने सुरुवातीलाच विचारावं, हे विचारण्यात काही अवघड वाटून घेऊ नये.

उडण्याबद्दल मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. मोठ्या एअरलाइनच्या तुलनेत छोट्या विमानांच्या कामात धोका जास्त आहे. कॅनडाच्या ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्डाने २०००-२०१४ ह्या काळातले एअर टॅक्सीचे (भाड्याने चालणाऱ्या छोट्या विमानांचे) अपघात तपासून २०१९ मध्ये मोठा अहवाल काढला, त्यात मुख्य कारणांपैकी एक हेच निघालं की चुकीच्या पद्धतींची हळूहळू सवय होते, "इथे असंच चालतं" म्हणून. १३ डिसेंबर २०१७ ला सस्कॅचवानच्या फाँड-डू-लॅकला एक एटीआर विमान पंखांवर बर्फ असताना उडालं आणि लगेच पडलं, २५ जण होते, त्यातला एक नंतर दगावला. तिथे बर्फ काढायची साधनं पुरेशी नव्हती आणि तसं उडायची सवय झालेली होती. मी हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये. ह्यातलं बरंचसं पायलटच्या हातात असतं म्हणून सांगतेय.

त्यामुळे लेकीला फोनवर "जपून उडव" म्हणण्यापेक्षा हे विचारा: दूरच्या गावांत बर्फ काढायला फवारा आणि शिडी ठेवलीये का, हवामान बघून एखाद्या कॅप्टनने "नाही" म्हटलं तर दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये त्याच्याशी कसं बोलतात, आणि कॅप्टन चुकतोय असं वाटलं तर को-पायलटने बोललेलं चालतं का. ह्या तिन्हीची उत्तरं ती मोकळेपणाने देऊ शकली तर कंपनी चांगली आहे. ड्यूटीच्या तासांचे नवे कडक नियम छोट्या कंपन्यांनाही डिसेंबर २०२२ पासून लागू झालेत, म्हणजे थकवा आला तर "मी आज फिट नाही" म्हणायचा तिला हक्क आहे, तो तिने वापरावा. पहिल्यांदा "नाही" म्हणताना पोटात गोळा येतो, कारण समोर गावाकडे जायला निघालेली म्हातारी माणसं बसलेली असतात. पण हीच माणसं मागे बसणार आहेत म्हणून तर नाही म्हणायचं. आणि काकू, तिला जाड लोकरीचे मोजे पाठवा, खरंच उपयोग होतो.

प्रश्न: फ्लोट रेटिंग (पाण्यावर उतरणारी विमानं उडवायचं) करू का? ५० तासांचा कोर्स महाग आहे. (कॅलगरी)

कायद्याने फ्लोट रेटिंगला पाच तासांचं ट्रेनिंग पुरतं, पण तेवढ्यावर कोणी बीव्हर विमान हातात देत नाही, इन्शुरन्सवालेच मान्य करत नाहीत, म्हणून ते ५० तासांचे कोर्स निघालेत. उत्तर ओंटारियोत, रेड लेकच्या बाजूला फिशिंग कॅम्पची कामं करायची खरी इच्छा असेल तरच करा. तिथेही आधी डॉक हँड व्हावं लागतं, दोर पकडायचा, बोटी बांधायच्या, भरती मार्च-एप्रिलमध्ये, बर्फ फुटायच्या आधी. ऑक्टोबरमध्ये पाणी गोठायला लागलं की फ्लोट बंद आणि बर्फ पुरेसा जाड होईपर्यंत स्कीही नाही, त्या मधल्या काळात पगार आहे का नाही ते आधीच विचारून ठेवा. मेडिव्हॅक (पेशंट विमानाने नेणं) किंवा शेड्यूल फ्लाइंग करायचं असेल तर हे पैसे आयएफआर पक्कं करण्यात घाला.

प्रश्न: अलास्का जास्त सोपं पडेल का? (सांगली)

अमेरिकेत काम करायचा हक्क नसेल तर नाही, तो विषय तिथेच संपतो. ग्रीन कार्ड असेल तर बेथेल, कोट्झेब्यू, नोम इथे भरपूर काम आहे, आणि चार्टर नियमांत व्हीएफआर (बाहेर नजरेने बघून उडणाऱ्या) कॅप्टनला किमान ५०० तास लागतात, म्हणजे ते तास आधी दुसरीकडे, बहुतेक इन्स्ट्रक्टर होऊन, जमवावे लागतात.

प्रश्न: ताई, मी बारावी सायन्सला आहे, मला बुश पायलटच (दुर्गम भागात छोटी विमानं उडवणारा) व्हायचंय. ट्रेनिंग भारतात करू का कॅनडात? नंतर परत यावंसं वाटलं तर? (कोल्हापूर)

अरे, उत्तरेत काम करायचं असेल तर ट्रेनिंग कॅनडातच कर, कारण लायसन्स तिथलं लागतं आणि हिवाळ्यात शिकलेलं हिवाळ्यात कामाला येतं. बारामती, गोंदियाला चांगलं फ्लाइंग शिकवतात, पण ते भारतातल्या एअरलाइनकडे जाणाऱ्यांसाठी सोयीचं. परत यायचं झालं तर इथले तास फुकट जात नाहीत, डीजीसीएकडे (भारताच्या विमान वाहतूक नियामकाकडे) लायसन्स कन्व्हर्ट होतं, त्यासाठी त्यांचे पेपर, आरटीआर (रेडिओ वापरायचा परवाना) आणि भारतातला मेडिकल लागतो, आणि बारावीला फिजिक्स-मॅथ्स लागतं म्हणून ते विषय सोडू नकोस. लॉगबुक पहिल्या दिवसापासून नीट भर, प्रत्येक पान सही-शिक्क्याचं, नंतर जुन्या शाळेच्या मागे सह्यांसाठी फिरणं फार त्रासाचं असतं. ट्विन ऑटरचा अनुभव असेल तर मालदीवमध्येही मागणी असते, तिथे फ्लोटवरची ट्विन ऑटर दिवसभर उडत असतात, आणि २०२० मध्ये साबरमती ते केवडिया सी-प्लेन सुरू केलं तेही तिथूनच आणलेलं ट्विन ऑटरच होतं.

पण कुठल्याही शाळेला फीचा एक रुपया द्यायच्या आधी डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडे जाऊन क्लास टू मेडिकल करून घे, मग क्लास वन. डोळ्यांना रंग ओळखता न येण्याचा प्रॉब्लेम, कानाचं काही, हे आत्ता कळलेलं बरं, कर्ज काढल्यावर नको.