तिकीट सोडवण्याआधी पाकीट वाचा

पावसाळ्याआधी माळे आवरले जातात आणि मला पत्रं येऊ लागतात. बहुतेकांचा सूर एकच: घरात टपालाची जुनी तिकिटं सापडलीत, किती येतील? न पाहता किंमत सांगणारा माणूस एक तर ज्योतिषी असतो नाहीतर दलाल. मी दोन्ही नाही. बाकीच्यांना उत्तरं देतो.

प्रश्न : तिकिटं जमवायला पहिल्यांदा कुणी सुरुवात केली? शाळेच्या प्रकल्पात लिहायचंय. (ऐरोली)

ब्रिटिश म्युझियममधले प्राणिशास्त्रज्ञ जॉन ग्रे यांना तो मान देतात. 1 मे 1840 ला 'पेनी ब्लॅक' हे जगातलं पहिलं डाकतिकीट विक्रीला आलं, तेव्हाच त्यांनी काही तिकिटं आठवण म्हणून घेऊन ठेवली. पुढच्याच वर्षी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये एका तरुणीने जाहिरात दिली, की खोलीच्या भिंतींना चिकटवायला वापरलेली तिकिटं हवी आहेत. याला छंद म्हणायचं का, ते बाईंना विचार. 'फिलाटेली', म्हणजे तिकीटसंग्रह, हा शब्द मात्र नंतरचा, 1864 सालचा, जॉर्ज एर्पां या फ्रेंच संग्राहकाचा.

प्रश्न : पेनी ब्लॅक पहिलं, म्हणजे सगळ्यांत दुर्मीळ ना? (वाशी)

नाही. सुमारे 6 कोटी 80 लाख छापली होती. आपलं 1852 चं 'सिंध डाक' हे तिकीट, त्यातही लाल लाखेवर उमटवलेलं, त्याहून कितीतरी दुर्मीळ; लाख तडकायची आणि तिकिटाचा भुगा व्हायचा.

प्रश्न : '100 देशांची 500 तिकिटं' असं पाकीट ऑनलाइन मागवलं. मुलासाठी गुंतवणूक म्हणून ठेवू का? (घणसोली)

त्यातलं एक उलटं करा. मागे डिंक शाबूत आहे आणि पुढे शिक्का कोपऱ्यात अगदी मोजून मारलाय? मग ते तिकीट कुठल्याच पत्रावर बसलेलं नाही. संग्राहकांना विकण्यासाठीच त्यावर शिक्का मारलेला आहे. 1960-70 च्या सुमारास अजमान, फुजैरा अशा अमिरातींच्या नावाने असा माल ढिगाने निघाला. मुलाला चित्रं बघू द्या, रंगीत आहेत. गुंतवणूक हा शब्द मात्र विसरा.

प्रश्न : गांधीजींचं 1948 चं तिकीट आहे, वर 'सर्व्हिस' असं छापलंय. एकजण लाखो देतो म्हणतो, आधी नोंदणी फी मागतोय. (कोपरी)

फी देऊ नका. विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही. त्या चार तिकिटांची मालिका स्वित्झर्लंडमध्ये छापली होती आणि गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी प्रत्येकी फक्त 100 तिकिटांवर 'सर्व्हिस' छापलं होतं. म्हणूनच खऱ्या तिकिटावर खोटे शब्द उमटवण्याचा धंदा चालतो. नुसत्या डोळ्यांनी मलाही सांगता येणार नाही. तज्ज्ञ समितीचं प्रमाणपत्र घ्या, तोवर ना आनंद ना व्यवहार.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत 1942 ते 1950 ची पन्नासेक पाकिटं मिळाली. तिकिटं सोडवायला कोमट पाण्यात किती वेळ ठेवू? (नौपाडा)

एक मिनिटही नाही. पातेलं खाली ठेवा.

दर महिन्याला कुणीतरी हेच विचारतं आणि निम्मे जण तिकिटं सोडवून झाल्यावर विचारतात. अहो, राजाचं डोकं असलेलं ते सुटं तिकीट चहाच्या भावात मिळतं. पाकिटावर मात्र कुठून निघालं तो शिक्का असतो, मागे पोचल्याचा असतो, युद्धकाळातलं असेल तर सेन्सॉरची खूण असू शकते. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट, तिरंग्याचं साडेतीन आण्यांचं, आलं 21 नोव्हेंबर 1947 ला. म्हणजे 15 ऑगस्टनंतरही आपली पत्रं इंग्रज राजाच्या तिकिटांवरच जात होती. तुमच्या ट्रंकेत त्या तीन महिन्यांतलं एखादं पाकीट असलं, तर तारखेचा शिक्का धुऊन तुम्ही नेमकं काय मिळवणार?

मी बारा वर्षांचा असताना आईची चाळीसेक पाकिटं अशीच भिजवली. पाणी जांभळं झालं, पत्त्यांची शाई गेली, तिकिटं वर तरंगली. वर्तमानपत्रावर वाळवून मोठ्या दिमाखाने एका जुन्या संग्राहकाला दाखवली. त्यांनी चिमट्याने एक उचललं आणि म्हणाले, "छान. पाकिटं कुठायत?"

तेव्हा कात्री नको, पाणी नको, सेलोटेप तर नकोच. आतलं पत्र पाकिटातच राहू द्या, क्रम मोडू नका, आणि ट्रंक जशीच्या तशी टपाल-इतिहास जाणणाऱ्या कुणाला तरी दाखवा. भंगारवाल्याच्या वजनकाट्याआधी.

प्रश्न : पावसात अल्बममधली तिकिटं एकमेकांना चिकटली. (घोडबंदर रोड)

ओढू नका. डिंक शाबूत ठेवून सोडवणं हे सवयीच्या हाताचं काम आहे, तसा माणूस गाठा. बाकी अल्बम उभा ठेवा, कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहा, पीव्हीसीची पानं टाकून द्या. तपकिरी ठिपके दिसले तर ती बुरशी. ते पान आजच वेगळं करा.

प्रश्न : तिकीटसंग्रहासाठी मुलांना शिष्यवृत्ती मिळते असं व्हॉट्सअॅपवर वाचलं. खरं का? (कळवा)

या वेळी व्हॉट्सअॅप खरं बोललं. टपाल खात्याची 'दीनदयाल स्पर्श' योजना, सहावी ते नववीसाठी, वर्षाला 6000 रुपये. अटी आणि तारीख टपाल कार्यालयात विचारा, आणि मुदतीआधी विचारा. मुदत संपल्यावर मला लिहिणाऱ्या पालकांची यादी माझ्याकडे आहे.

प्रश्न : ठाण्याशी नातं असलेलं एखादं तिकीट? (ठाणे पूर्व)

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी 16 एप्रिल 1853 ची; तिच्या शताब्दीचं दोन आण्यांचं तिकीट 1953 मध्ये निघालं. सुटं असेल आणि विकणाऱ्याने फार किंमत सांगितली, तर ती मोजू नका. पाकिटावर, ठाण्याच्या शिक्क्यासह मिळालं, तर घ्या आणि मला दाखवायला आणा.